कपाटातले हातमोजे

शनिवार, वाडीवरून

प्रिय किशोरी,

मला प्रवेश मिळाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे, दोन वर्षांसाठी, झाडांचा अभ्यास करायला. वाडीत ही बातमी फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली असेलच, तरी ती तुला माझ्या हातून कळावी असं वाटलं. पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो आपण. एवढा हक्क तुझा आहे, आणि तो मी नाकारणार नाही. पत्र मुद्दाम असं पुस्तकी मराठीत लिहितेय. मालवणीत लिहायला बसले की तुझा आवाज ऐकू यायला लागतो आणि माझा राग पातळ होतो. आज मला तो पातळ व्हायला नको आहे.

प्रवेश मिळण्याआधी तिथल्या संस्थेने एक लेखन मागवलं होतं, हे तुला माहीत आहे. तूच त्याला 'अक्षयाचा झाडांचा निबंध' म्हणाली होतीस. प्रश्न एका ओळीचा होता: झाडं स्वतःचं रक्षण कसं करतात, ते तुमच्या परिसरातल्या झाडांवरून लिहा. तीन हजार शब्द. खाली एक अट होती, की स्वतः पाहिलेलं आणि कुठेतरी वाचलेलं यांची सरमिसळ करायची नाही. दोन्ही वेगळं दाखवायचं. प्रश्न वाचल्यावर मला सोपं वाटलं होतं. कुडाळच्या कॉलेजात तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकले होते, ग्रंथालयातली बाई ओळखीची होती. चार दिवसांत वहीभर टिपणं झाली. किडीनं पान खाल्लं की झाड पानात कडवटपणा वाढवतं, जखम झाली की चीक सोडतं, हवेतून वासाने शेजारच्या झाडाला सावध करतं. सगळं छान होतं. मग अट पुन्हा वाचली आणि लक्षात आलं, यातलं मी डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही. शेजारच्या झाडाला सावध करण्याचं प्रकरण तर मी खोडूनच टाकलं.

म्हणून फेब्रुवारीभर हिंडले. देवळामागच्या कोवळ्या सावरीच्या खोडावरचे काटे मोजले. जुन्या सावरीवर वरच्या अंगाला काटा जवळजवळ नाही, ते पाहून टिपलं. काजऱ्याची फळं फोडून विषारी बिया वाळवल्या, आईने त्या घरात ठेवू दिल्या नाहीत. मालवणला जाऊन खाडीकाठचं गेवाचं झाड पाहिलं. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणतात. तिथल्या होडीवाल्याने मला फांदी मोडू दिली नाही, स्वतः लांब कोयतीने छाटून दाखवली. पांढरा दुधासारखा चीक. मी तो कागदावर टिपून घेतला आणि परतीच्या एसटीत तो कागद मांडीवर धरून बसले, जसा काही साप धरलाय.

मग दाजींच्या बागेत गेले. पाणंदीच्या वरच्या अंगाचे दाजी, ज्यांच्या काजी आपण लहानपणी चोरायचो. काजू मोहरावर होता. कोवळ्या पानांच्या आणि मोहराच्या देठांवर बारीक बारीक ठिपके असतात, त्यांतून गोड रस पाझरतो. भिंग लावून पाहिला. त्या रसासाठी तांबडे हुमले, त्या मोठ्या डसऱ्या मुंग्या, झाडभर फिरत होते, आणि मोहर खाणारा ढेकण्या किडा बसला की तुटून पडत होते. दाजी म्हणाले, "हुमले आसत म्हणान मोहोर वाचता गो. माका औषध मारूचा लागना नाय." मी हात पुढे केला आणि चार हुमले डसले. पाहिलेल्यांच्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं लिहिलं गेलं.

पण काजूचं खरं शस्त्र मोहरावर नाही, बियेच्या टरफलात आहे. तेही मला वाचून कळलं. टरफलाच्या दोन थरांमध्ये काळपट दाट तेल असतं. बी कुणी फोडू नये, खाऊ नये, म्हणून झाडाने ते भरून ठेवलेलं. त्यातलं आम्ल कातडी जाळतं, फोड येतात, साल सोलून निघते. आंबा, बिब्बा, काजू एकाच कुळातले, तिघांनाही ही खोड. ग्रंथालयात बसून हे वाचताना मला हसू आलं, किशोरी. पानभर रसायनांची नावं होती आणि ते काय करतात ते मला वयाच्या पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं. दहावीच्या आधीच्या मे महिन्यात आपण दोघी भाईंच्या काजू कारखान्यात जायचो, आठवतं? माझी आई कटिंगला, बिया फोडायला बसायची, आपण तिच्या पायाशी. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा आपली बोटं टोकापर्यंत काळी होती. मराठीच्या बाईंनी हात पुढे करायला लावले. मी रडकुंडीला आले होते. तू पटकन म्हणालीस, "बाई, मेंदी चढली नाय नीट." अख्खा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या, आणि मी सुटले. त्या दिवशी घरी येताना मी तुला सांगितलं होतं की मोठी झाल्यावर मी तुझ्यासाठी काहीही करीन. हे मी विसरलेले नाही. सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

आता आईच्या हाताबद्दल. दोन वर्षांत आपण एकदाही त्यावर बोललो नाही, म्हणून मी जसं घडलं तसं लिहिते. चुकलं तर तू दुरुस्त कर, तू तिथे होतीस.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलची सतरा तारीख, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर. टरफलं पिळून काढलेलं तेल मागच्या शेडमध्ये डब्यांत भरायचं काम होतं. ते काम आईचं नव्हतं. भरणारी बाई आली नव्हती म्हणून आईला पाठवलं. हात उघडे. डबा घसरला आणि ताजं तेल तिच्या उजव्या तळव्यापासून कोपरापर्यंत आलं. तू तेव्हा कारखान्यात मोजणीच्या कामाला होतीस, दोन पावलांवर. तू ओरडलीस, तिच्या हातावर बादली रिकामी केलीस, तुझ्या ओढणीने हात पुसायला गेलीस आणि ओढणीबरोबर कातडी आली. स्कूटरवर मागे बसवून तूच तिला दवाखान्यात नेलंस. मी कॉलेजातून धावत पोचले तेव्हा तू व्हरांड्यात उकिडवी बसून रडत होतीस. मी तुला धरलं. तुझ्या हातांनासुद्धा फोड आले होते.

आणि मग चौथ्या दिवशी तू भाईंच्या गाडीतून आमच्या घरी आलीस. मी औषधं आणायला गेले होते. तुझ्या हातात टाइप केलेला कागद होता. घरी चुलीवरचं गरम खोबरेल हातावर सांडून दुखापत झाली, कारखान्याचा काही संबंध नाही. साक्षीदार म्हणून खाली तुझी सही आधीच झाली होती. आईने विचारलं, ह्यां काय? तू म्हणालीस, औषधपाण्याच्या मदतीसाठी भाईंना लागतं. आईने तुझ्यावर विश्वास ठेवला, कारण तू होतीस. दुसरं कुणी असतं तर तिने मी येईपर्यंत थांबायला सांगितलं असतं. चाळीस वर्षांची झाल्यावर ती सही करायला शिकली होती, तूच पाटीवर गिरवून घेतली होतीस तिच्याकडून. त्या दिवशी तू म्हणालीस, "अंगठो दिया, काकी. आता सही कशी येतली तुमका?" आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा धरून शाईला लावलास. त्याच महिन्यात तू सुपरवायझर झालीस.

आईची तीन बोटं आता वळत नाहीत. तिला वेणी घालता येत नाही, मी घालते. तांदळाची भाकरी थापता येत नाही. मासे साफ करताना ती विळी पायाने दाबते आणि मासा डाव्या हाताने असा काही धरते की मला बघवत नाही. ती कधी तुझ्याबद्दल वाईट बोलली नाही. तू रस्त्यात दिसलीस की तोंड फिरवायचीस, तेव्हा म्हणायची, पोरीक लाज वाटता. मला मात्र रोज वेणी घालताना तू आठवायचीस.

मार्चमध्ये मी तुझ्याकडे आले ती मनात हे सगळं घेऊन आले. तुला वाटलं मी विसरले. मला तसंच वाटायला हवं होतं तुला. मी म्हटलं, झाडांवरचा निबंध आहे, काजूचं तेल कातडीला काय करतं ते डोळ्यांनी बघायला हवं, तुझ्याशिवाय आत कोण सोडणार? तुझा चेहरा इतका उजळला की क्षणभर वाटलं, इथूनच परत फिरावं. भाई लग्नाला गोव्यात होते, तो दिवस तू निवडलास. घरून माझ्यासाठी सुंगटाची कढी डब्यातून आणलीस. दारातच बायकांना सांगितलंस, "ही आमची अक्षया. मोठी शास्त्रज्ञ होतली." तेवीस बायका होत्या. सगळ्या मला आईच्या नावाने ओळखतात, शेवंतीचं चेडू म्हणून. मी त्यांना खरं तेच सांगितलं की हातांचे फोटो हवेत आणि ते मी बाहेर दाखवणार आहे. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग एकेक करून हात पुढे केले, फोटोंना हरकत नाही म्हणून माझ्या वहीत सह्याही केल्या. फोटो नीट यावेत म्हणून मोबाइलची बॅटरी तू धरलीस.

मग मी टरफलांच्या ढिगाकडे वळले, नमुना घ्यायला. तू माझा हात धरून मला मागे ओढलंस. "थांब गो, तुझे हात खराब होतले." तू कमरेची किल्ली काढलीस, ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलंस, आणि आत वरपासून खालपर्यंत हातमोजे होते. जाड, रबरी, कोपरापर्यंतचे. प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेले. एक जोड काढून तू माझ्या हातांत चढवलास, लहान मुलाला चढवावा तसा, एकेक बोट ओढून.

किशोरी, त्या क्षणी तुला माझा चेहरा दिसला नसेल, मी खाली बघत होते. दोन पावलांवर बायका उघड्या हातांनी बिया फोडत होत्या. मी विचारलं, हे त्यांना का नाही? तू अगदी सहज म्हणालीस, "भाईंनी सांगितल्यानी आसा, बाहेरची माणसां बघूक येतत तेवाच भायर काडूचे." आणि मला चहा आणायला गेलीस. माझ्या बॅगेतला दुसरा मोबाइल तेव्हा चालू होता. तू गेल्यावर मी कपाटाचे फोटो घेतले. खालच्या कप्प्यात एक फाइल होती, तीही उघडली. आईचा अंगठा तिथे होता, निळा, थोडा पसरलेला. त्याचाही फोटो घेतला. तू चहा घेऊन आलीस, मी तो पूर्ण प्यायले, डब्यातली कढी खाल्ली, तुला मिठी मारली आणि घरी आले. मला जराही वाईट वाटलं नाही. वाटेल अशी वाट पाहिली, पण नाही वाटलं.

लेख लिहून झाला तेव्हा आईला वाचून दाखवला. शेवटच्या पानावर तिच्या हाताचा फोटो होता. मी लिहिलं होतं की या झाडाचा बचाव क्रूर आहे. तिने मला थांबवलं. म्हणाली, "झाडान आपली बी सांभाळल्यान, तेचा काय चुकला? हातमोजे माणसांनी देवचे होते." माझं ते वाक्य मी खोडलं. क्रूर हा शब्द झाडासाठी वापरला नाही. मुलाखतीत संस्थेतल्या बाईंनी त्या पानावर बराच वेळ घेतला आणि विचारलं, हे तुम्ही पाहिलेल्यांत घातलंय ना? मी म्हटलं, हो, रोज पाहते.

लेख पाठवला त्या दिवशी, एकाच टपाल कार्यालयातून, मी दोन पाकिटं पाठवली होती. एक संस्थेला. दुसरं ओरोसला, कामगार अधिकाऱ्यांना: तेवीस जणींचे हात, त्यांच्या सह्या, कपाट, आणि आईचा कागद. अर्जाखाली माझं नाव आहे. दोन महिने वाडीत चर्चा चालली होती की कुणी कळवलं, तुला कारखान्यातल्या मुनीमजींचा संशय होता म्हणे. मी कळवलं.

पुढचं तुला माहीत आहे. साहेब आले, कपाट उघडलं, आता बायकांच्या हातांत मोजे आहेत. आणि भाईंनी हात वर केले. मोजे मी वेळेवर आणून ठेवले होते, बिलं आहेत, वाटायचं काम सुपरवायझरचं, किल्ली तिच्या कमरेला, मला काय ठाऊक. अपघाताच्या कागदावरही साक्षीदार तीच. सगळं तुझ्यावर आलं. परवा गुरुवारी तुझी आई आमच्या पडवीत येऊन बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, त्या दिवशी अक्षया थंय होती, तिना फक्त इतका लिवन देवचा की किशोरी मालकाच्या हुकमान करी होती. माझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी आत निघून गेले.

कारण ते लिहून द्यायची गरजच नव्हती. तुझा आवाज माझ्याकडे आहे. 'भाईंनी सांगितल्यानी आसा' हे तुझं वाक्य, स्पष्ट, मागे मशीनच्या आवाजासकट. ते मी दुसऱ्या पाकिटात घातलं नव्हतं. विसरले नव्हते. घातलं असतं तर सगळा भार भाईंवर गेला असता आणि तू हुकमाची ताबेदार म्हणून सुटली असतीस. मला तू सुटायला नको होतीस. भाई माझे कुणी नव्हते. ते वागले ते त्यांच्या जातकुळीप्रमाणे वागले. तू माझी होतीस. दोन महिने मी ते वीस सेकंद मोबाइलमध्ये ठेवून तुझी वाडीतली फजिती बघत होते. तुझं लग्न ठरत आलेलं मोडलं, तेही ऐकलं. त्या दिवशी मी आईची वेणी फार हळुवार घातली.

काल आईला ते ऐकवलं. तिला वाटलं होतं मी आनंदाने ते तुला नेऊन देईन. मी नाही म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "अक्षया, तू भाईक वाचवतस, तुका कळता काय?" ते मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तुझ्यावरच्या रागापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं. म्हणून काल दुपारीच ओरोसला जाऊन ते साहेबांच्या हवाली करून आले. तुझ्यासाठी नाही. भाई निसटू नयेत म्हणून. आणि सोबत माझा जबाब दिला, की सतरा एप्रिलला तू माझ्या आईपासून दोन पावलांवर उभी होतीस, तिच्या हातावर पाणी ओतलंस, तिला दवाखान्यात नेलंस, आणि तरीही चौथ्या दिवशी त्या कागदावर तुझी सही होती. आता बुधवारी ते तुला एकच विचारतील: शेवंतीबाईंचा हात कुठे भाजला? घरी म्हणालीस तर भाईंबरोबर बुडशील. कारखान्यात म्हणालीस तर कागद खोटा आणि तू तो खोटा करणारी, हे तुझ्या तोंडाने, सगळ्यांदेखत. तिसरी वाट मी ठेवलेली नाही. ठेवायची नव्हतीच.

आणखी एक गोष्ट, आणि तिच्यासाठीच हे पत्र. बुधवारी अकरा वाजता त्या खोलीत माझी आई असेल. साहेबांनी तिला बोलावलंय, तुझ्या समोरच्या खुर्चीवर. हे तुला कळवू नये असं मी ठरवलं होतं. तू दार ढकलून आत यावंस, ती दिसावी, आणि तुझी मान वर होऊ नये, एवढंच मला हवं होतं. दोन वर्षांत मी दुसरं काही एवढं मनापासून मागितलेलं नाही. पण काल रात्री आईने जेवणाचं ताट सरकवून ठेवलं आणि म्हणाली, "तिका आदी कळव. एकदम समोर बघून घाबरतली ती." कळवेपर्यंत जेवणार नाही म्हणाली, आणि तिचं तुला ठाऊक आहे. म्हणून कळवतेय. हे उपकार तिचे आहेत, किशोरी. माझे असते, तर तुला कळलं नसतं.

तुझीच म्हणायची सवय अजून सुटली नाही, म्हणून तुझीच,
अक्षया